शेततळ्याचा अर्ज आणि चाकणची खोली

जमीन सासऱ्यांच्या नावावर, नवरा पुण्याजवळ चाकणला नोकरीला, दीर जायच्या तयारीत आणि कागदपत्रांची पिशवी माझ्याकडे, अशा अवस्थेत जानेवारी २०२४ मध्ये मी शेततळ्याचा अर्ज भरला. अनुदान खात्यावर पडलं ते २०२५ च्या पावसाळ्यात. मधल्या काळात काय विचारायचं आणि कुणाला विचारायचं हेच कळत नव्हतं, म्हणून सगळं क्रमानं लिहून ठेवतेय. अर्जाची माहिती आहेच. शिवाय तळ्यामुळे आमच्या घरात कुणाचं जाणं थांबलं आणि कुणाचं नाही, तेही लिहिणार आहे. माहितीपत्रकात तेवढं नसतं.

आम्ही सांगोला तालुक्यातले, म्हणजे माणदेशातले. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण ती सरासरी आमच्या वाट्याला क्वचितच येते. १९७२ च्या दुष्काळात आण्णा (माझे सासरे) बारा वर्षांचे होते. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे आणि तिथं मिळणारी सुकडी खायचे. १९९० मध्ये रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली आणि कमी पाण्यावर येणारं डाळिंब तालुकाभर पसरलं. दुष्काळाशी जुळवून घ्यायचा आमचा पहिला मोठा उपाय तोच. त्यावर आण्णांनी घर बांधलं, दोन पोरं शिकवली. मग डाळिंबावर तेल्या रोग आला, मर रोग आला आणि शेवटी पिन होल बोरर ही खोडकीड. खोडाला टाचणीएवढी भोकं पडायची आणि झाड उभ्या उभ्या वाळायचं. २०२२ मध्ये आम्ही बाग उपटून बांधावर पेटवली. त्याच वर्षी नवरा चाकणला गेला. पाण्याअभावी गेला असं लोक म्हणतात, पण तो गेला किडीमुळे आणि बागेवर काढलेल्या कर्जामुळे. पाण्याचा नंबर तिसरा.

जुलै २०२३ मध्ये दिरानं हट्टानं पुन्हा एक एकर डाळिंब लावलं, तीनशे रोपं. आणि पावसानं दगा दिला. ३१ ऑक्टोबर २०२३ ला राज्यातले ४० तालुके दुष्काळी जाहीर झाले, त्यात आपल्या जिल्ह्यातले सांगोला, माळशिरस, करमाळा, माढा आणि बार्शी होते. विहीर डिसेंबरातच तळाला गेली. उन्हाळ्यात रोपं टँकरवर जगवावी लागणार हे दिसत होतं, आणि तसंच झालं. एका टँकरला १,८०० रुपये. मे संपेपर्यंत पन्नासेक हजार त्यातच गेले. तो पैसा चाकणहून येत होता. तिकडं नवरा गावाकडच्या चार पोरांबरोबर एका खोलीत राहायचा, मेसचा डबा खायचा, आणि इकडं त्याच्या पगारावर झाडं पाणी प्यायची.

अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरच्या शेतकरी योजनांमध्ये, मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतल्या वैयक्तिक शेततळ्यासाठी. फी २३ रुपये ६० पैसे. सेवा केंद्रवाला स्वतःचे वर घेतो ते वेगळे. आधारला जोडलेला मोबाईल आण्णांचा आणि तो कायम खुंटीवर टांगलेल्या सदऱ्याच्या खिशात, त्यामुळे ओटीपीसाठी त्यांनाच बरोबर न्यावं लागलं. ज्यांच्या घरी असंच आहे त्यांनी मोबाईल क्रमांक आधी बघून घ्या. बंद पडलेलं सिम आधारला जोडलेलं असलं तर तिथंच अडकता.

तेव्हा अर्ज भरला की सोडतीची वाट बघावी लागायची. मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली, सगळं थंड पडलं. पण तो काळ फुकट घालवू नका. आमच्या सातबाऱ्यावर आण्णांबरोबर त्यांच्या धाकट्या भावाचंही नाव आहे. ते पंचवीस वर्षांपूर्वी गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यासाठी दक्षिणेत गेले आणि तिथलेच झाले. जमीन कसत नाहीत, मागतही नाहीत, पण सहहिस्सेदार म्हणून त्यांचं संमतीपत्र हवंच. निवड झाल्यावर कागद अपलोड करायला मोजकी मुदत असते, तेवढ्यात बाराशे किलोमीटरवरून माणूस कुठून आणणार? ते चैत्रात यात्रेला आले तेव्हाच मी स्टॅम्पपेपर आणून ठेवला होता. सही करताना म्हणाले, "सूनबाई, मी हितं नसलो तरी माझ्या सहीशिवाय तळं हुईना व्हय!" आणि खूश झाले. त्या सहीसाठी त्यांनी चहाही न मागता तास काढला. हा माणूस कायमचा गेलाय असं मी आजवर धरून चालले होते.

नावांचंही तेच. सातबाऱ्यावर आण्णांच्या वडिलांचं नाव एक, आधारवर दुसरं. अशी तफावत असेल तर आधी दुरुस्त करून घ्या. जे दुरुस्त व्हायला वेळ लागेल त्याचं हमीपत्र तयार ठेवा.

सप्टेंबर २०२४ मध्ये निवडीचा मेसेज आला. सातबारा, आठ अ, आधार, पासबुक, संमतीपत्र असं सगळं चढवलं. मग विधानसभेची आचारसंहिता. पूर्वसंमती, म्हणजे काम सुरू करायची परवानगी, हातात पडली तेव्हा जानेवारी २०२५ उजाडला होता. इथं सगळ्यात महत्त्वाचं सांगते: पूर्वसंमती येईपर्यंत खोऱ्याचा एक घाव घालू नका. आमच्या शिवारात एकानं पोकलेन स्वस्तात मिळतंय म्हणून आधीच खोदून घेतलं, त्याचा अर्ज तिथंच संपला.

जागा दाखवायला कृषी सहाय्यक आले, टेप टाकून चुन्यानं आखणी केली. आण्णांना तळं विहिरीजवळ हवं होतं, मोटार जवळ पडते म्हणून. सहाय्यक म्हणाले, पावसाचं पाणी वाहून येतं ती खालची कड घ्या, पण ओढ्याचं पात्र सोडून. यात मी सहाय्यकांच्या बाजूनं उभी राहिले आणि आण्णा दोन दिवस बोलले नाहीत. विहिरीजवळ तळं हवं असण्याचं खरं कारण सगळ्यांना ठाऊक असतं: बोअर आणि विहिरीचं पाणी उपसून तळ्यात भरून ठेवायचं. पाऊस कमी झाला की बरेच जण तेच करतात. ज्याच्याकडे सहाशे फुटांचा बोअर आहे त्याचं तळं भरतं आणि शेजारच्याची विहीर आठ दिवस आधी आटते. एकाला गावात ठेवणारं तळं दुसऱ्याला गावाबाहेर काढू शकतं. हे कुणी बैठकीत बोलत नाही, म्हणून इथं लिहिलं.

आकार ठरला २५ बाय २५ मीटर, खोली ३ मीटर. बाजूंना उतार द्यावा लागतो, म्हणून वरून दिसतं तेवढं पाणी मावत नाही. दीडास एक उतार (एक मीटर खोलीला दीड मीटर आत) धरला तर साधारण १२ लाख ८० हजार लिटर बसतं. ऐकायला फार वाटतं. आता हिशोब बघा. तीनशे झाडं, उन्हाळ्यात ठिबकनं झाडाला रोज तीस लिटर म्हटलं तर नऊ हजार लिटर. कागदावर साडेचार महिने पुरतं. पण सोलापूरच्या उन्हात उघड्या पाण्याची वाफ किती होते! दिवसाला आठ मिलिमीटर धरली तरी एवढ्या तळ्यातून चारेक हजार लिटर रोज आभाळात जातं. म्हणजे हातात उरतात सव्वातीन महिने. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून मे अखेरपर्यंत एक एकर. चार एकरांतलं एक. हा हिशोब मी वहीत मांडून घरात सगळ्यांना दाखवला, कारण तळं झालं की आता ऊस लावू अशी भाषा सुरू झाली होती.

खोदाई मार्चमध्ये, ज्वारी निघाल्यावर. वर दोन फूट माती, खाली मुरूम, आणि एका कोपऱ्यात कातळ लागला तिथं ब्रेकर लावावा लागला. खोदाई आणि बांध दाबून घेणं मिळून ६८ हजार रुपये. खोदण्याआधी, चालू असताना आणि संपल्यावर असे तिन्ही वेळचे जिओटॅग (जागेची नोंद) असलेले फोटो काढून ठेवा, आणि फोटोत लाभार्थी उभा असू द्या. आण्णा प्रत्येक फोटोत टोपी नीट करून उभे. पाणी आत येतं तिथं गाळ थांबायला लहान खड्डा करून घ्या. नाहीतर तीन वर्षांत अर्धं तळं गाळानं भरेल.

१५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. आम्ही तो मार्चमध्ये गावातल्या शिबिरात काढला होता, त्यामुळे अडलं नाही. मोजमाप झालं, देयक वर गेलं. अनुदान आकारावर ठरतं, जास्तीत जास्त ७५ हजार. आमचं तळं लहान म्हणून त्याहून कमी आलं, आणि आलं ते पासबुक जोडलेल्या खात्यात नव्हे, तर आण्णांचं आधार ज्या जुन्या खात्याला जोडलेलं होतं त्यात. महिनाभर आम्ही चुकीच्या खात्यात डोकावत होतो. आधार कोणत्या बँकेशी जोडलंय ते आधी तपासा.

अनुदानाच्या आधीच पाणी आलं, हे मात्र कुणाच्या हिशोबात नव्हतं. मे २०२५ चा पाऊस आठवत असेल. रोहिण्यांच्याही आधी धो धो. पाणी मुरू नये म्हणून तळ्याला अंथरतात तो प्लास्टिकचा कागद अजून अंथरलेला नव्हता आणि ते काठोकाठ भरलं. बघायला वस्तीवरची पोरंबाळं जमली. आत्यांनी (सासूबाई) हळदकुंकू वाहिलं. पंधरा दिवसांत मुरमानं निम्मं पिऊन टाकलं. उरलेलं पाणी मोटारीनं उपसून, तळ सुकवून, जूनअखेर पाचशे मायक्रॉनचा कागद बसवला. वाहतूक आणि वेल्डिंग धरून ८२ हजार. त्यासाठी माझ्या पाटल्या तारण ठेवल्या. या कागदाला, म्हणजे अस्तरीकरणाला, अनुदान आहे, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, आणि तो आमचा अजून मार्गी लागायचाय.

कुंपणाला चौदा हजार लागले. हा खर्च लोक टाळतात. टाळू नका. ओल्या कागदावरून पाय सरकला की धरायला काही नसतं, पोहता येणारा माणूसही वर येऊ शकत नाही. चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवा आणि एखादी हवा भरलेली ट्यूब बांधून ठेवा. दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या गावातून पोर बुडाल्याची बातमी येतेच.

मग सप्टेंबर. करमाळा, माढा, मोहोळकडे सीनेनं हाहाकार केला, माणसं छतावर जाऊन बसली. आमच्याकडे सीना नाही, पण पाऊस तोच. तळं भरलेलं आणि शेजारच्या वाफ्यात बाजरीच्या कणसांना कोंब फुटलेले. आम्ही तयारी केली होती ती कोरड्या वर्षाची. ओल्या वर्षासाठी आमच्याकडे चर सोडून काहीच नव्हतं. दीर म्हणाला, "वयनी, आता पाणी काढायचंबी अनुदान हाय का बघा."

दिवाळीनंतर एक मुलगी सर्वेक्षणाला आली. वातावरण बदल, शेतकऱ्यांनी केलेले उपाय आणि स्थलांतर असा तिचा विषय होता. प्रश्नावलीत एक प्रश्न होता: पुढच्या पाच वर्षांत गाव सोडण्याचा विचार आहे का? होय, नाही, सांगता येत नाही. उत्तर कुटुंबप्रमुखानं द्यायचं. आण्णांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "नाही." तिनं खूण केली आणि आमचं घर तिच्या वहीत न जाणारं घर झालं.

ती गेल्यावर मी भाकरी करता करता एकेकाला तोच प्रश्न विचारला. दिराकडे आयटीआयचं सर्टिफिकेट आहे, मित्र रांजणगावला आहे, बॅग भरून ठेवलेली होती. तो म्हणाला, पहिला बहार (फळांचा हंगाम) बघतो, मग सांगतो. म्हणजे तळ्यानं त्याला थांबवलं, पण एका बहारापुरतं. आत्या म्हणाल्या, "मी कुठं जातीय? पर पोराला बोलीव माघारी." सातवीतली माझी मुलगी म्हणाली, मी पुण्याला शिकायला जाणार, तळं असो नाहीतर नसो. तिच्या जाण्याचा पावसाशी काही संबंध नाही, आणि माझी त्याला पूर्ण संमती आहे. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मीही सांगता येत नाही असंच म्हटलं असतं.

आणि नवरा. सगळ्यांना वाटत होतं की तळं झालं की तो येणार. पण खोदाई, कागद आणि कुंपण मिळून झालेल्या १ लाख ६४ हजारांपैकी अनुदानातून निघाले ते वजा जाता उरलेला बोजा त्याच्या पगारावर आहे, पाटल्या अजून सुटायच्यात. तळ्यामुळे त्याचं चाकण एक-दोन वर्षांनी वाढलं. गावात राहायची सोय करायला घरातल्या एकाला बाहेर राहावं लागतं, हे आमच्या आळीत तरी सर्रास आहे. ज्यांनी ठिबक, शेडनेट, तळं असलं काही केलंय त्यांच्या घरात कुणीतरी पुण्यात, मुंबईत नाहीतर गलाईवर आहेच. लघु आणि सीमांत शेतकऱ्याला ठिबकला ८० टक्के अनुदान असलं तरी आधी पूर्ण रक्कम खिशातून घालावी लागते, मग परत मिळते. ती आधीची रक्कम कुठून येणार?

ज्यांच्याकडे सातबाराच नाही त्यांची गोष्ट तर याच्या बाहेरचीच. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची कुटुंबं दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. यंदाही गेली. त्यांच्यातली एक बाई आमच्या तळ्याच्या पिचिंगला मजुरीनं आली होती. दगड रचता रचता म्हणाली, "तुमचं तळं झालं, आमाला आठ दिस हाजरी झाली. बरं झालं." पुढं काही बोलली नाही, आणि बोलण्यासारखं माझ्याकडेही नव्हतं. डाळिंब धरलं की छाटणीला, काढणीला थोडं काम निघेल. एक एकरात ते किती निघणार?

दोन गोष्टी मात्र नक्की बदलल्या. यंदा फेब्रुवारीत टँकरवाल्याला फोन करावा लागला नाही. आणि जानेवारीत आम्ही आंबे बहार धरला, म्हणजे उन्हाळ्यात फळं वाढवायचा हंगाम. उन्हाळ्यात पाण्याची खात्री नसल्यामुळे एवढ्या वर्षांत आण्णांना तो कधी धरता आला नव्हता. आता फुलं लागलीत. टिकली, सेटिंग झालं (फुलांची फळं झाली), तेल्या आला नाही, भाव राहिला, तर पाटल्या सुटतील.

त्याच्या पुढचं भांडण घरात आत्ताच सुरू झालंय. आत्या आणि दीर म्हणतात, कर्ज फिटलं की चाकणची खोली सोडायची. नवरा काही बोलत नाही, म्हणजे त्यालाही यायचंय. मला वाटतं, खोली सोडू नये. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आमच्या शिवारापर्यंत पोचलेलं नाही, तळं एका एकराचं आहे, आणि २०२३ सारखं वर्ष पुन्हा आलं तर ते तळं भरणारच नाही. चाकणला महिन्याच्या महिन्याला पगार होतो. मे अखेर तळ्यात किती पाणी उरतंय ते बघून मी माझं मत बदलेन, असं घरात सांगून ठेवलंय. तोवर तळ्याच्या काठाला फुटाफुटावर रंगानं खुणा करून घेतल्यात आणि दर सोमवारी आण्णा पातळी वहीत लिहितात. अस्तरीकरणाच्या अर्जाचं काही कळलं की त्याबद्दल वेगळं लिहीन.